कॉलर आणि हिंदी

कॉलेजात असताना आमच्या ग्रुपवर उदयनराजेंच्या कॉलरचं स्टिकर होतं. पेपर सोपा गेला, टाक कॉलर. मॅच जिंकली, टाक कॉलर. मी सांगलीचा, रूममेट साताऱ्याचा. मला त्यात टिंगल दिसायची, त्याला अभिमान. स्टिकर मात्र एकच.

या नकलांची खरी अडचण इथेच आहे. आपल्याला वाटतं आपण नेत्याची उडवतोय, पण लकब जितकी फिरते तितका नेता मोठा होतो. मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आलेले उदयनराजे सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. तो हिशेब मतदारांनी केला, मीम्सनी नाही. २०२४ मध्ये तर साताऱ्यात पत्रकारांसमोर शरद पवारांनीच कॉलर उडवून दाखवली. सगळे हसले. त्या निवडणुकीत उदयनराजे जिंकले.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. २६/११ नंतर तासगावचे आर. आर. पाटील हिंदीत बोलले आणि एवढा मोठा हल्ला त्यांच्या तोंडी किरकोळ घटना होऊन गेला. टीका व्हायलाच हवी होती. त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं, तेही रास्तच. पण ती क्लिप आजही फिरते तेव्हा लोक नेमके कशाला हसतात? बऱ्याचदा हिंदीला. गावाकडच्या उच्चारांना. मीही हसलोय, फॉरवर्ड केलीय.

पुढे पुण्यात नोकरीला लागलो. पहिल्याच मीटिंगमध्ये मी हिंदीत दोन वाक्यं बोललो आणि टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. मुद्दा माझाच बरोबर होता, पण तो कुणी ऐकलाच नाही. त्या दिवशी ती क्लिप मला वेगळी दिसली.

कॉलर ही स्वतः निवडलेली ऐट आहे, तिची खुशाल नक्कल करा. बोली कुणी निवडत नाही. आणि बोलीवर हसताना चुकीचं उत्तर निसटून जातं, हे जास्त वाईट. त्या क्लिपमध्ये विचारायचा प्रश्न मुंबईच्या सुरक्षेचा होता. आपण व्याकरण तपासत बसलो.

म्हणून टीव्हीवरच्या चर्चेचा तुकडा पुढे पाठवण्याआधी मी आता स्वतःला एकच विचारतो: हा माणूस बोलला काय, ते मला सांगता येईल का? नाही आलं, तर हसं त्याचं झालेलं नसतं.