वेड पुष्कळ, पथ्यपाणी कुठे?

निमगाव सावाकडं एखाद्याचं डोकं बिघडलं की आधी ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात. देवऋषी होतो, उतारा होतो, आणि मग कधीतरी कोणीतरी आवाज खाली आणून ‘येरवड्याच्या इस्पितळात दाखवा’ असं सुचवतं. त्या घरात रात्री जागं कोण राहतं, लेकीचं लग्न जमवताना काय झाकतात, हे गावाला पाठ असतं. मराठी कादंबरीला मात्र ते फारसं ठाऊक नाही.

वेडाची तिला वाण नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोकणात माणसं दैवाच्या आणि शापाच्या फेऱ्यात भ्रमिष्ट होतात. ‘कोसला’त (1963) धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि नायक पांडुरंग सांगवीकरचं दुःख घराशी बोलण्याची भाषाच हरवून बसतं. पण घराण्यातल्या वेडाचा खरा लेखक जयवंत दळवी. ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीत, आणि तिच्यावरून त्यांनीच लिहिलेल्या ‘बॅरिस्टर’ (1977) नाटकात, नायकाला एकच धास्ती आहे: वडिलांना वेड लागलं, भावाला लागलं, आता पाळी आपली. दळवींचं मोठेपण असं की ही धास्ती त्यांनी नुसती रक्तात ठेवली नाही. विधवेचं केशवपन करायला निघालेल्या त्या वाड्यात शहाणं राहायचं तरी कसं, हा प्रश्न त्यांनी त्या धास्तीच्या शेजारी आणून ठेवला.

तरीही आपल्या लक्षात राहिला तो विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर. सगळी हयात त्या वाड्याला वाहिलेली मावशी कडेलाच राहिली. विजयाबाई मेहतांनी ती रंगमंचावर केली, पुढे स्वतःच्या ‘राव साहेब’ चित्रपटातही केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. सांभाळणारीला न्याय नटीने दिला. कादंबरीकारांनी तो धागा पुढे नेला नाही.

तो सापडला माहीममध्ये, आणि तोही इंग्रजीत. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ 2012 साली आली. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ म्हणून मराठीत आणली. मूळ पुस्तकाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोवेकर ख्रिस्ती कुटुंब, छोटीशी जागा, आई कधी उधाणलेली तर कधी मरणाच्या दारात. इथल्या मुलालाही बॅरिस्टरचीच धास्ती आहे: आईचं आपल्यात उतरेल का? फरक एवढाच की इथे धास्तीला पारंब्या फुटत नाहीत. चहा करायचा असतो, विड्या आणायच्या असतात, इस्पितळाच्या वॉर्डात बसून राहायचं असतं. आई विनोदी आहे, चावट आहे, कधी दुष्टही आहे. तिच्यावर हसल्याबद्दल मुलगा स्वतःला माफ करत नाही, पण हसणं सोडतही नाही. वेडाचं प्रतीक करून टाकणाऱ्या आपल्या लेखकांना हे हसू जमलेलं नाही, असं माझं मत आहे.

चित्रपटाने थोडी भरपाई केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (2004) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषइतकीच त्याची बहीण महत्त्वाची आहे. त्याच्या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. याच जोडीच्या ‘कासव’नेही नैराश्याकडे तशाच मायेने पाहिलं. पण तीही माणसं पुस्तकं वाचणारी, मोटारी असलेली.

निमगाव सावाकडचं, कुकडीच्या पाण्यावर ऊस-कांदा काढणारं घर माझ्या पाहण्यात तरी अजून कुठेच आलेलं नाही. मोटारीची वीज रात्री येते, म्हणून कर्ता पुरुष शेतात. घरात थोरली सून जागी, कारण दीर अंधारात उठून उसात चालू लागतो आणि उसात बिबट्या आहे. महिन्याच्या गोळ्या आणायच्या तर एस.टी.ने पुणं, एक रोज बुडतो. कांद्याचा भाव पडला की आधी गोळ्या बंद होतात. ‘याचं डोकं फिरलंय’ हे वाक्य त्याच्याच ताटात भाकरी वाढता वाढता, पाहुण्यांसमोर, आवाज न चढवता बोललं जातं. तो ऐकतो, कोरड्यास मागतो, आणि ती वाढते.