हिएरोनिमोला वेडं कुणी ठरवलं?

सूडाचं नाटक म्हटलं की आपल्याकडे 'हॅम्लेट' आठवतं. आगरकरांनी १८८३ साली ते 'विकारविलसित' नावानं मराठीत आणलं. तेव्हापासून त्या राजपुत्राच्या दुःखावर प्राध्यापक मंडळींनी पुष्कळ कागद खर्ची घातलेत. घालोत बापडे. मला बोलायचंय ते त्याच्याही आधीच्या एका नाटकाबद्दल. थॉमस किडचं 'द स्पॅनिश ट्रॅजेडी'. १५९२ साली ते लंडनमध्ये गाजत होतं. भूत, वेड, नाटकात नाटक, शेवटी प्रेतांचा खच हे सगळं त्यात आहे. फरक एवढाच की हॅम्लेट राजाचा मुलगा, आणि इथला हिएरोनिमो राजाच्या पदरचा नोकर. हा फरक छोटा नाही. सगळं नाटक त्याच्यावर उभं आहे.

हिएरोनिमो स्पेनच्या दरबारात न्यायाधीश आहे. त्याचा पोरगा होरेशिओ पोर्तुगालविरुद्धच्या लढाईत शत्रूचा राजपुत्र बाल्थझार याला पकडतो. राजाचा पुतण्या लोरेन्झो म्हणतो, मीच पकडला. राजा निवाडा करतो. घोडा आणि हत्यारं लोरेन्झोला, खंडणीचे पैसे होरेशिओला. आणि कैदी राहणार लोरेन्झोकडे. का, तर राजपुत्राच्या लवाजम्याला होरेशिओचं घर लहान पडेल! बाप तिथंच उभा आहे. पोराची बाजू घ्यावी असं त्याला वाटतं, पण पक्षपात दिसेल म्हणून तो बेतानं बोलतो. समीक्षक हा प्रवेश प्रस्तावना म्हणून ओलांडून जातात. मला वाटतं, पुढचा खून इथंच ठरलाय. घर लहान, म्हणजे माणूस लहान.

लोरेन्झोची बहीण बेल-इम्पेरिया या होरेशिओवर जीव लावते. तिचा आधीचा प्रियकर आन्द्रियाही कुळानं कमीच होता. तो लढाईत मेला, आणि त्याचंच भूत रंगमंचावर बसून सगळं बघतंय. लोरेन्झोला तर बहीण बाल्थझारला द्यायचीय. मग रात्री हिएरोनिमोच्याच बागेत, वेलींच्या मांडवात, दोघं मिळून होरेशिओला फासावर लटकवतात आणि वर भोसकतात. तो लटकत असताना लोरेन्झो टोमणा मारतो की याला वर चढायची हौस होती, आता चढला. आरडाओरडा ऐकून बाप अंथरुणातून तसाच धावत येतो. आधी प्रेत खाली उतरवतो, मग ओळखतो. रक्तानं भिजलेला रुमाल जवळ ठेवतो. सूड घेईपर्यंत ठेवणार.

पण दोस्तहो, हा माणूस लगेच तलवार काढत नाही. पुस्तकी समीक्षा याला दिरंगाई म्हणते. मी याला कायद्यावरचा विश्वास म्हणतो. खुन्यांची नावं सांगणारी चिठ्ठी हातात पडली तरी तो पुरावा शोधतो. पुरावा मिळाल्यावर राजाकडे जातो, न्याय मागतो. लोरेन्झो त्याला मागं ढकलतो, राजा कामात आहे म्हणतो. आणि काम कसलं? खुन्याच्या लग्नाची बोलणी! त्याच बैठकीत होरेशिओच्या खंडणीचे पैसे येतात. राजा ते त्याला द्यायला सांगतो. म्हणजे पोराला मारून टाकलं याचा राजाला पत्ताच नाही. बाप ओरडतो, खंजिरानं जमीन उकरायला लागतो. लोरेन्झो राजाच्या कानाशी लागतो की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, पोराचे पैसे त्याला स्वतःला हवेत. झालं. एक शब्द टाकला की तक्रार मिटली. राजाला त्याची कीव येते, पण लोरेन्झोचं उत्तर तो खरं धरतो.

हिएरोनिमो वेडा होत नाही असं मी म्हणत नाही. होतो. पण आधी दुःख, मग बंद दार, आणि मग वेड, हा क्रम सोडून चालणार नाही.

यानंतरचा प्रवेश मला सगळ्यात मोठा वाटतो. गावचे लोक अर्ज घेऊन हिएरोनिमोकडे येतात, कारण गरिबांचं ऐकणारा न्यायाधीश म्हणून त्याचं नाव आहे. कुणाचा कर्जाचा दावा, कुणाला भाड्याच्या जागेतून काढलंय. एका कोपऱ्यात म्हातारा बझुल्टो गप्प उभा. त्याच्याही पोराचा खून झालाय. त्याचे डोळे पुसायला हिएरोनिमो रुमाल काढतो, तर हातात तोच रक्ताचा रुमाल येतो. मग तो सगळ्यांचे अर्ज दातांनी फाडतो. लोक बोंबलतात. तो विचारतो, कागदाला जखम झाली का, रक्ताचा थेंब तरी दाखवा. न्याय करणाऱ्यालाच न्याय मिळत नाही, तर या कागदांना काय किंमत? किडचा बाप लोकांची कागदपत्रं लिहून देणारा लेखनिक होता, हे इथं ध्यानात ठेवा.

बायकोचं, इझाबेलाचं, दुःख तर कुणाच्या खिजगणतीत नाही. ती मांडव तोडून टाकते आणि स्वतःला भोसकून घेते. लोरेन्झोचा नोकर पेद्रिंगानो मालकाच्या सांगण्यावरून खून करतो. माफीचा कागद पेटीत आहे या भरवशावर तो फासाखाली हसत उभा राहतो. पेटी रिकामी असते. आणि त्याला शिक्षा सुनावतो कोण? हिएरोनिमोच. छोट्या माणसाला कायदा तिथल्या तिथं सापडतो.

शेवटी हिएरोनिमो दरबारात नाटक बसवतो. पात्रं वेगवेगळ्या भाषांत बोलतात, नाटकातल्या सुऱ्या खऱ्या असतात, आणि दरबार वाहवा करत राहतो. लोरेन्झो, बाल्थझार मरतात, बेल-इम्पेरिया स्वतःला संपवते. मग बाप पोराचं प्रेत पुढं आणतो आणि सगळं सांगतो. आता दरबाराला ऐकायचंय! तेव्हा तो स्वतःची जीभ चावून तोडतो. बोललो तेव्हा ऐकलं नाहीत, आता तुमच्या चौकशीला माझी जीभ मिळणार नाही. मी तरी त्याचा अर्थ असा लावतो.

पण इथं टाळ्या वाजवून मोकळं होता येत नाही. जाता जाता तो लोरेन्झोच्या बापालाही मारतो. त्या बापाचा होरेशिओच्या खुनात हात नव्हता. उलट तो समेट घडवू बघत होता. पोर गमावलेला बाप दुसऱ्या पोर गमावलेल्या बापाला मारतो. बझुल्टोमध्ये त्यानं स्वतःला ओळखलं होतं, इथं ओळखलं नाही. सूडानं हिशेब चुकता होतो, पण न्यायाची खुर्ची रिकामीच राहते, हे किडनं लपवलेलं नाही. म्हणून हे नाटक मला सच्चं वाटतं.

बेन जॉन्सननं १६१४ साली या नाटकाच्या चाहत्यांची टिंगल केली. त्याच जॉन्सननं १६०१-०२ मध्ये त्यात भर घालण्याचे पैसे घेतले होते! किडचं काय झालं? १५९३ साली त्याला अटक झाली. खोलीत धर्मविरोधी ठरवलेले कागद सापडले. ते मार्लोचे आहेत असं त्यानं सांगितलं. त्याचा छळ झाला. सुटल्यावर आश्रय तुटला. बड्या अधिकाऱ्याला विनवणीची पत्रं लिहीत बसला आणि १५९४ साली पस्तिशीत मेला. नाटकाच्या छापील प्रतीवर त्याचं नावही नव्हतं. १६१२ साली हेवूडनं पुस्तकात उल्लेख केला म्हणून ते कळलं.

आपल्या नाटकवाल्या पोरांनी हे नाटक हातात घ्यावं. लांबी कमी करायला प्रेतं कापली तरी चालतील. बझुल्टोचा प्रवेश मात्र कापू नका. त्याचा अर्ज अजून कुणी वाचलेला नाही.