‘होर्तुस मलाबारिकुस’ : ग्रंथ कोणाचा, ज्ञान कोणाचें?

डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारांतील अधिकारी हेंड्रिक आद्रियान फान ऱ्हेडे यानें कोचीन येथें सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडाम येथें बारा खंडांत प्रसिद्ध झाला. मलबारांतील सुमारें ७४० वनस्पतींचीं वर्णनें, त्यांचे औषधी उपयोग व ताम्रपटांवरून छापलेलीं मोठालीं चित्रें त्यांत आहेत. ग्रंथ पुरा होण्यापूर्वींच, १६९१ सालीं, ऱ्हेडे वारला. डॉ. के. एस. मणिलाल यांचें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानें २००३ सालीं काढल्यापासून हा ग्रंथ इकडील अभ्यासकांस सुलभ झाला आहे.

वनस्पतिसृष्टि आणि तिच्या आश्रयानें राहणाऱ्या लोकांची भाषा व विद्या यांचा संबंध तोडतां येत नाहीं, एकीचा नाश झाला कीं दुसरीचाहि होतो, हा विचार १९८८ सालीं ब्राझिलांतील बेलेम येथील जाहीरनाम्यांत स्पष्टपणें मांडला गेला. या जैवसांस्कृतिक वैविध्याच्या चर्चेंत प्रस्तुत ग्रंथ प्रमाण म्हणून पुढें केला जातो. तें प्रमाण कितपत टिकतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

पहिल्या खंडाच्या आरंभीं १६७५ सालच्या एप्रिल महिन्यांतील प्रमाणपत्रें जोडलेलीं आहेत. त्यांपैकीं एक कारप्पुरम् येथील कोल्लाट्ट घराण्याचा ईळव वैद्य इट्टि अच्चुतन् याचें असून तें मलयाळम् भाषेंत व कोलेळुत्तु लिपींत आहे. आपल्या ग्रंथांतील वनस्पतींचीं नांवें व गुण आपण एमान्युएल कार्नेरो या दुभाष्यास सांगितले, असा त्याचा आशय आहे. दुसरें पत्र रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट यांचें. हे कोचिनांतील कोंकणी ब्राह्मण. त्यांची भाषा कोंकणी व लिपि नागरी. चित्रांवरहि वनस्पतींचीं नांवें नागरींत कोरलेलीं आढळतात. युरोपांतील नागरीचें हें पहिलेंच मुद्रण, असें कित्येक लेखक लिहितात. तें बरोबर नाहीं. किर्खेर याच्या १६६७ सालच्या चीनविषयक ग्रंथांत नागरी अक्षरें त्यापूर्वींच आलेलीं आहेत. तथापि सतराव्या शतकांतील कोंकणीचा नागरी नमुना म्हणून या पत्राचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं.

या पत्रांचें महत्त्व ओळखून रिचर्ड ग्रोव्ह यांनीं आपल्या १९९५ सालच्या ‘ग्रीन इंपीरियलिझम’ या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, ऱ्हेडेच्या ग्रंथाची मांडणीच मुळीं ईळवांच्या वर्गीकरणावर उभारलेली असून तेंच वर्गीकरण पुढें लिनीयसपर्यंत पोंचलें. या मताचा पूर्वार्ध विचारणीय आहे. नांवांकडे पाहिलें म्हणजे त्यांतील व्यवस्था डोळ्यांत भरते. करिम्पन म्हणजे ताड, कोडप्पन म्हणजे श्रीताल, चूण्डप्पन म्हणजे भेरली माड. अखेरचें पद कुल सांगतें, आरंभींचें पद भेद सांगतें. ‘काट्टु’ हें उपपद आपल्या ‘रान’ शब्दाप्रमाणें झाडाचें ठिकाण दाखवितें. अंगणांतलें कोणतें व अरण्यांतलें कोणतें, हें नांव उच्चारतांच कळतें. ही व्यवस्था डच अधिकाऱ्याची नव्हे, हें उघड आहे.

उत्तरार्ध मात्र आम्हांस मान्य नाहीं. त्याच ग्रंथांत ‘तोड्डपन’ या नांवानें सायकस हें झाड ताडांच्या पंक्तींत बसलें आहे, आणि लिनीयसनेंहि १७५३ सालीं त्यास ताडांतच घातलें. येवढ्यावरून लिनीयसनें ईळवांचें अनुकरण केलें असें म्हणतां येत नाहीं. कारण नुसत्या डोळ्यांनीं पाहणाऱ्या कोणासहि तें झाड ताडासारखेंच दिसतें. शिवाय अच्चुतनाचें सांगणें मलयाळममधून पोर्तुगीजांत व तेथून लॅटिनांत उतरलें आहे. इतक्या हातांतून गेलेल्या मजकुरांत नांवें टिकतात. त्या नांवांमागील विचार जसाच्या तसा टिकला, असें मानावयास स्वतंत्र पुरावा हवा. तो पुरावा अच्चुतनाच्या पोथीनें दिला असता. ती पोथी आज उपलब्ध नाहीं. जिच्या आधारें ग्रंथ झाला ती गेली, व ग्रंथ तेवढा युरोपच्या ग्रंथालयांत जपून राहिला.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. मूळ, साल, पान कशावर चालतें, हें ग्रंथांत सांपडतें; पण झाड मरूं न देतां साल किती काढावी, पुढील पिकासाठीं किती कंद जमिनींत राखावे, याची माहिती त्यांत शोधूं गेल्यास फारसें हातीं लागत नाहीं. कंपनीस औषधें हवीं होतीं. अरण्य राखण्याची विद्या तिनें विचारली नाहीं. रानांत हिंडून वनस्पति आणून देणाऱ्यांचीं नांवें तर कोठेंच नाहींत. म्हणून हा ग्रंथ देशज ज्ञानाचा कोश आहे असें म्हणण्यापेक्षां, त्या ज्ञानाला विचारलेल्या कांहीं प्रश्नांचीं तीं उत्तरें आहेत, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

लेखाचें सामर्थ्य आम्ही कमी लेखीत नाहीं. हळदीच्या व्रणरोपण-गुणावर अमेरिकेंत १९९५ सालीं दिलेलें पेटंट १९९७ सालीं रद्द झालें, तें जुन्या ग्रंथांचा व छापील लेखांचा दाखला हजर केल्यामुळें. परंतु सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाला, अगस्त्यमलयाच्या रानांत, १९८७ सालीं काणि लोकांनीं शास्त्रज्ञांस आरोग्यपच्चा ही श्रमहारक वनस्पति दाखविली, ती पोथी उघडून नव्हे, वाटेनें चालतां चालतां. तिच्यापासून केलेल्या औषधाबद्दल संशोधन-संस्थेस मिळणाऱ्या परवाना-शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वांटा काणींस देण्याचें पुढें ठरलें. अच्चुतनास मिळालें तें प्रमाणपत्रावरील नांव. तेंहि त्या काळीं थोडें नव्हे, पण पुरेसें नव्हे.

यांतून पोथीसंग्राहकांनीं काय घ्यावें? वैद्यक-निघंटूच्या पोथ्या आपण शक, लेखक व संस्कृत पाठ पाहून निवडतों. समासांत मोडी अक्षरांत खरडलेलें झाडाचें गांवठी नांव, अमुक ओढ्याकांठीं मिळतें, अमुक महिन्यांत खणूं नये, अशीं टिपणें आपण लेखकाची अशुद्धि समजून नकलेंतून वगळतों. आमच्या मतें पोथीचा तोच भाग अनन्य आहे. संस्कृत पाठ दहा ठिकाणीं मिळेल. अशीं टिपणें स्थलनामांसह जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, पोथी ज्या घराण्यांतून आली त्याची नोंद ठेवावी, आणि जमेल तेथें त्या गांवच्या जाणत्या माणसांस ती वाचून दाखवून तें झाड अद्याप तेथें आहे कीं नाहीं हें विचारावें. अच्चुतनाच्या पोथीबाबत हें कोणी केलें नाहीं. आपल्या कपाटांतील पोथ्यांबाबत तें अजून करतां येण्याजोगें आहे.