मालगाडीवरची पोरे आणि कॅमेरा

माइक ब्रॉडी हा अमेरिकन तरुण मालगाड्यांवरून विनातिकीट भटकत सोबत्यांची छायाचित्रे घेत राहिला. २०१३ साली ‘अ पीरियड ऑफ जुव्हेनाइल प्रॉस्पेरिटी’ हा संग्रह निघाला. चेहरे मळलेले, कपडे फाटके. तरी कीव कुठेच नाही, कारण कॅमेरा सोबत्याच्याच हाती आहे. हेच या चित्रांचे बळ. मात्र तेथे भटकणे म्हणजे स्वातंत्र्य. आंबिवलीच्या फलाटावरून कसाऱ्याकडची मालगाडी पाहताना हे स्वातंत्र्य परके वाटते. येथे १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली कायदा गेला, संशय उरला. आमच्या भटक्या पोराचा फोटो निघतो तो बहुधा पोलिसी दप्तरासाठी. कॅमेरा त्याच्याच हाती येईल, तेव्हाच येथील रस्त्याचे खरे चित्र निघेल.