पानपात्राचा विवेक

साखरपुडा, वास्तुशांत, डोहाळेजेवण अशा घरगुती प्रसंगी पाहुण्यांच्या हाती उंच दांडीचे, पसरट तोंडाचे काचेचे पेले देण्याची चाल अलीकडे पडली आहे. पेल्यात मद्य नसते. संत्र्याचा रस, कोकमाचे सरबत, फार तर सोडा घातलेले पन्हे असते. पांढुर्णा-सौंसरसारख्या संत्र्यांच्या मुलखातही तबकांतून हेच पेले फिरू लागले आहेत. वडीलधाऱ्यांना त्यांत मद्यालयाची छाया दिसते, तरुण मंडळींना सुधारणा दिसते, आणि दोन्ही पक्ष पेल्याच्या लौकिकावरच भांडत बसतात. आतल्या पेयाला हे पात्र मानवते काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. आम्हांस तोच महत्त्वाचा वाटतो.

हा पेला कॉकटेलसाठी घडला. कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचे मिश्रण, अशी व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्रात छापली गेली. पुढे असे मिश्रण बर्फाबरोबर ढवळून, गाळून, बर्फाविना देण्याची रीत रूढ झाली. हाताची ऊब पेयास लागू नये म्हणून दांडी आली. गंध नाकाशी यावा म्हणून तोंड पसरट झाले. पेय तीव्र, चार घोटांत संपणारे; म्हणून पेलाही लहान. आमच्या घरांत त्याच पेल्यात बर्फाचे खडे टाकून काठोकाठ सरबत ओतले जाते. मग दांडीला काम उरत नाही, तबक हलले की सरबत सांडते, आणि सोडा असेल तर पाहुणा बोलत असतानाच त्याचे बुडबुडे उडून जातात. बर्फाच्या व सोड्याच्या पेयास उंच, सरळ, अरुंद पेला हवा. तो स्वस्तही असतो, म्हणूनच कदाचित प्रतिष्ठेचा वाटत नाही.

पात्राचा असा विचार करणे हे परकीय चोचले आहेत, असे कोणी म्हणू नये. अमरकोशात चषक हा पानपात्राचाच पर्याय आहे; आज तो शब्द क्रीडांगणावर गेला आणि त्यातून कोणी काही पीत नाही, ही गोष्ट निराळी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीचा अध्याय तर कोणता पदार्थ कोणत्या पात्रात द्यावा हे तपशिलाने सांगतो. तूप लोखंडाच्या पात्रात, पेया रुप्याच्या, ताकासारख्या आंबट पदार्थांस दगडाचे पात्र. आणि पाणी, पानक व मद्य यांस मातीची, काचेची अथवा स्फटिकाची शीतल पात्रे. पन्हे हे पानकच. तेव्हा काचेचा पेला आमच्या परंपरेत उपरा आहे, हा आक्षेप निदान ग्रंथाधाराने टिकत नाही.

व्यवहार मात्र वेगळा होता. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात काच उशिराच शिरली. मनगटावरची काच सौभाग्याची आणि ओठाला लागणारी काच संशयाची, असा हा चमत्कारिक न्याय! लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालचा. स्वदेशीच्या त्या काळात काच देशाभिमानाची वस्तू झाली; तरी पाहुण्यापुढे पितळी तांब्या-भांडेच येत राहिले. त्यामागे केवळ कर्मठपणा नव्हता. फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला असतो, त्यामुळे ओठ न लावता वरून पाणी पिता येते आणि उष्ट्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दांडीच्या पेल्यातून वरून पिऊन पाहावे, म्हणजे फुलपात्र घडविणाऱ्या तांबटाची बुद्धी कळेल.

पण फुलपात्रालाही मर्यादा आहे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते, हे आजीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. नातवंडे मात्र आज आले-लिंबाच्या पेयासाठी तांब्याचे चकचकीत मग हौसेने विकत आणतात. आतून दुसऱ्या धातूचे अस्तर नसेल तर लिंबाचे आम्ल तांबे विरघळविते. मळमळ आणि उलटी हे त्याचे नेहमीचे परिणाम. या बाबतीत आम्ही काहीच सवलत देऊ इच्छित नाही. शिशाच्या काचेच्या नक्षीदार सुरयांतही आंबट पेय साठवून ठेवू नये. साधी, पारदर्शक, बिननक्षीची काच आंबटाला सर्वांत निर्धोक. शिवाय गोव्याकडील तिवळाचा किंवा सोलकढीचा रंग पाहण्याचे सुख स्टीलच्या पेल्यात कोठून मिळणार?

गोव्याचा उल्लेख आलाच आहे, तर उराकाविषयीही बोलावे. काजूच्या बोंडांच्या हंगामात तेथे उराकात लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा घालून पितात, तेही साध्या सरळ पेल्यातून. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाही. परंतु ज्यांच्याकडे ते पेय पिढीजात आहे त्यांना दांडीची गरज भासली नाही, आणि सरबत पिणाऱ्या आम्हांला मात्र ती भासते, यातली गंमत नजरेआड होत नाही. पंचामृत अथवा तीर्थ असल्या पेल्यांतून वाटण्याची हौस कोणी करू नये. त्याला पळी आणि उजव्या हाताचा तळवा पुरेसा आहे.

राहिला संत्र्याचा रस. पांढुर्ण्याकडे पिकते ते नागपुरी जातीचे संत्रे. त्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडवटतो आणि बिया चिरडल्या तर अधिकच. म्हणून तो ऐन वेळी काढावा, थोडाच द्यावा, आणि बर्फाने पातळ करू नये. अगोदर फळेच गार करून ठेवावीत. दांडीचे पेले ज्यांनी घेऊनच ठेवले आहेत त्यांनी ते याच रसासाठी काढावेत, मात्र लहान असतील तरच. आज बाजारात मिळणारे मोठाले पेले अर्धे भरले तरी रस उरतो, आणि उरलेला रस पाहुण्याच्या शेवटच्या घोटाला कडू लागतो.