शितावरून भात, नोव्हेंबरात

२०२२च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला मी वेस्ट लाफायेटला पोचलो. इंडियाना राज्यातलं हे गाव म्हणजे पर्ड्यू विद्यापीठ, आणि विद्यापीठ संपलं की मक्याची शेतं. बास्केटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. पण नोव्हेंबर उजाडला आणि लॅबमध्ये, बसमध्ये, कॉफीच्या रांगेत एकच विषय सुरू झाला. सीझनचे जेमतेम तीन-चार सामने झालेले, तेही नावं ऐकली नाहीत अशा कॉलेजांविरुद्ध, आणि लोक मार्चमध्ये काय होणार ते छातीठोकपणे सांगत होते. आमच्याकडे याला उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, असं मी लॅबमधल्या एकाला समजावून सांगायला गेलो. त्याला बाशिंग समजलं नाही. उतावळेपणा समजला, आणि त्याचा त्याला अभिमानच वाटला.

तेव्हापासून मी या बोलण्याकडे एक साहित्यप्रकार म्हणून बघत आलोय. कीर्तनाला, राजकीय भाषणाला, लग्नातल्या उखाण्याला जसे संकेत असतात, तसे नोव्हेंबरातल्या कॉलेज बास्केटबॉलच्या गप्पांनाही आहेत. त्यातलं काही फार चांगलं आहे, काही वाईट, आणि जे वाईट आहे ते अलीकडे जास्त वाईट होत चाललंय.

आधी अडचण काय ते सांगतो. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या गटात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. मार्चच्या स्पर्धेत जागा फक्त ६८. एक संघ सीझनमध्ये साधारण तीसेक सामने खेळतो, म्हणजे बहुतेक संघांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. त्यातून नोव्हेंबरात मोठी विद्यापीठं लहान कॉलेजांना पैसे देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात. याला 'बाय गेम' म्हणतात. लहान कॉलेजाने यायचं, वीस-तीस गुणांनी हरायचं, चेक घेऊन परत जायचं. अशा दोन-तीन विजयांवरून संघ कसा आहे हे ठरवायचं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा.

पण म्हण नीट वाचली पाहिजे. शितावरून भात ओळखता येतो कारण पातेलं एक असतं, पाणी एक, आच एक. एक शीत शिजलं असेल तर शेजारचंही शिजलेलं असणार. कॉलेज संघाचं तसं नसतं. काही शितं गेल्या वर्षीच्या पातेल्यातली, काही नुकती शाळेतून आलेली, अजून कच्ची. आणि आता ट्रान्सफर पोर्टलमुळे काही थेट शेजाऱ्याच्या घरून आणलेली. २०२१पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. त्यामुळे नोव्हेंबरात अनेक चाहत्यांना आपल्याच संघातल्या निम्म्या पोरांची नावं पाठ करावी लागतात. इथे एक शीत चेपून बघितलं तर त्या एका शिताबद्दल कळतं, बस.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. २०१३ ते २०२५ या प्रत्येक आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स पहिली मॅच हरली, आणि त्याच काळात पाच वेळा चॅम्पियन झाली. 'पहिली मॅच देवाला' हा विनोद आपण त्यातूनच शिकलो. विनोद चांगला आहे, पण त्याने आपल्याला आळशीही केलं. देवाला दिलेल्या मॅचमध्ये नेमकं काय बिघडलं, हे मग कुणी बघत नाही. अमेरिकेतलं 'अजून नोव्हेंबरच आहे' हे वाक्य याच जातीचं. ते शहाणपणाच्या वेशात येतं आणि विचार थांबवतं.

कारण नोव्हेंबर कधीकधी खरंही बोलतो. २०२२च्या नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला मोठ्या संघांच्या स्पर्धा भरल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायना तिथे देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ म्हणून आला. आदल्या एप्रिलमध्ये त्यांनी अंतिम सामना खेळला होता आणि त्या पाचातले चार जण परतले होते. पोर्टलंडमध्ये ते तीनपैकी दोन सामने हरले. त्यातला अलाबामाविरुद्धचा तर चार ओव्हरटाइमनंतर १०३-१०१ असा. चाहते म्हणाले, नोव्हेंबर आहे, सावरतील. मार्चमध्ये ६८ संघांच्या यादीत नॉर्थ कॅरोलायनाचं नावच नव्हतं. १९८५मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून सीझनआधी पहिला ठरलेला कुठलाही संघ असा बाहेर राहिला नव्हता.

त्याच शहरात, त्याच सुट्टीत पर्ड्यूने वेस्ट व्हर्जिनिया, गोन्झागा आणि ड्यूक या तिघांना हरवलं. गोन्झागाला १८ गुणांनी, ड्यूकला १९ गुणांनी. सीझनआधीच्या पहिल्या पंचवीसमध्ये पर्ड्यू नव्हतंच. सुट्टी संपवून लोक परत आले तेव्हा गावाची चालच बदललेली होती. झॅक ईडी ७ फूट ४ इंच उंच, त्याच्याबद्दल वेगळं बोलायची गरज नव्हती. बोलणं चालायचं ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर या पहिल्या वर्षाच्या दोन गार्ड्सबद्दल. बघा, एवढी लहान पोरं आणि किती शांत. डिसेंबरात पर्ड्यू देशात पहिलं झालं. मीही बोलत होतो. ज्याला चार महिन्यांपूर्वी पिक-अँड-रोल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तो मी लोकांना स्मिथची नजर कुठे असते ते समजावून सांगत होतो.

१७ मार्च २०२३ला पर्ड्यू पहिल्याच फेरीत फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असं हरलं. सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकनाला हरवण्याची इतिहासातली ही दुसरी वेळ, आणि समोरचा संघ देशातला सर्वांत बुटका. दुसऱ्या दिवशी गप्पांचं पान उलटलं. आता तेच दोन गार्ड पुराव्यादाखल उलट बाजूने उभे केले गेले. पहिल्या वर्षाच्या पोरांवर विसंबलं की हेच होणार. हे वाक्य मीही म्हणालो. नोव्हेंबरातही मीच बरोबर होतो आणि मार्चमध्येही, अशा थाटात.

पुढच्या नोव्हेंबरात पर्ड्यूने पुन्हा तेच केलं. लहायनाच्या आगीमुळे माउईची स्पर्धा त्या वर्षी होनोलुलूला झाली, तिथे गोन्झागा, टेनेसी आणि मार्केट यांना ओळीने हरवलं. या वेळी मात्र गावात कुणी नाचलं नाही. 'गेल्या वर्षीही असंच झालं होतं' असं सगळे एकमेकांना सांगत होते, जणू तसं म्हटल्याने दृष्ट लागणार नव्हती. आणि तोच संघ, तेच गार्ड घेऊन, १९६९नंतर पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. तिथे कनेटिकटकडून ७५-६० हरला, ती गोष्ट वेगळी. २०२५मध्ये स्मिथ बिग टेन कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माझं मार्चमधलं वाक्य मला त्या दिवशी आठवलं.

या बोलण्यावरचा माझा मुख्य आक्षेप भाकितं चुकतात हा नाहीच. भाकितं चुकणारच. केन पोमरॉयसारखा माणूस, जो मुळात हवामानशास्त्राचा आणि ज्याची आकडेवारी सगळे चाहते उशाशी घेऊन झोपतात, तोसुद्धा सीझनच्या सुरुवातीला आपल्या गणितात आधीचे अंदाज मिसळून ठेवतो आणि सामने साठतील तसे ते काढत जातो. नोव्हेंबरातल्या आकड्यांवर एकट्याने उभं राहता येत नाही हे त्याला कळतं. समोरच्या संघाचे तीन गुणांचे फटके आत गेले की बाहेर, यात आपल्या बचावापेक्षा नशिबाचा वाटा मोठा असतो, हेही त्यानेच दाखवून दिलं. तरी 'आपला बचाव ढासळलाय' हे वाक्य दर नोव्हेंबरात नव्याने जन्म घेतं.

माझा आक्षेप बघण्याबद्दल आहे. चांगला चाहता नोव्हेंबरात निकाल सांगत नाही, पाहिलेलं सांगतो. मॅकी अरीनात माझ्या शेजारी दोन-तीनदा एक आजोबा बसायचे. अख्ख्या सामन्यात ते चार वाक्यं बोलत. त्यातलं एक असं की, तो पोरगा चेंडू नसताना उभा राहतो, त्याला पळायची सवय लावायला जानेवारी उजाडेल. एवढंच. संघ जिंकेल की हरेल याबद्दल अवाक्षर नाही. मला ही उत्तम समीक्षा वाटते. त्यात एक निरीक्षण आहे, त्याला मुदत आहे, आणि ते चुकीचं ठरू शकतं.

या बोलण्यात एक गंमतीचा कोपराही आहे. जानेवारीपासून संघ आपापल्या कॉन्फरन्समध्येच खेळतात. तिथे एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव, त्यामुळे बाहेरच्या जगाच्या तुलनेत कॉन्फरन्सची पत डिसेंबरअखेर जवळपास गोठते. पुढे कुणाला हरवणं किती मोलाचं धरायचं, ते या आधीच्या सामन्यांवरून ठरतं. म्हणून नोव्हेंबरात पर्ड्यूचा चाहता दात-ओठ खात इंडियानाच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसतो. वर्षभर ज्यांना शिव्या घालायच्या त्यांचं भलं चिंतायचा हा एकच महिना. भाऊबंदकीत वाढलेल्या मराठी माणसाला हे चटकन उमजतं.

इंडियानावरून आठवलं. या सगळ्यावरचं गाजलेलं पुस्तक त्याच विद्यापीठाचं आहे, जॉन फाइनस्टाइनचं 'अ सीझन ऑन द ब्रिंक'. १९८५-८६च्या सीझनभर तो प्रशिक्षक बॉब नाइटच्या सावलीसारखा राहिला. पुस्तक उघडतं ते नोव्हेंबरात, पहिल्या सामन्याला आठवडाही उरलेला नसताना. नाइट डॅरिल थॉमस नावाच्या खेळाडूला सरावात असं काही बोलतो की वाचताना आपलीच मान खाली जाते. पुस्तक संपतं तेव्हा इंडियाना पहिल्याच फेरीत क्लीव्हलंड स्टेटकडून हरलेलं असतं. पुढच्या वर्षी, १९८७च्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणांत चेंडू याच थॉमसच्या हातात आला. फटका अवघड आहे हे ओळखून त्याने तो कीथ स्मार्टकडे परत दिला आणि स्मार्टच्या फटक्यावर इंडियाना ७४-७३ जिंकलं. फाइनस्टाइनच्या पुस्तकात हा पास नाही, असणं शक्यच नव्हतं. ते उत्तम पुस्तक आहे, पण त्याचं यश बरंचसं नाइटच्या तोंडात आहे. थॉमसच्या बाजूने तो नोव्हेंबर कसा होता, ते त्यात पुरेसं नाही. चाहत्यांनी मात्र या पुस्तकातून नाइटचा स्वर उचलला. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला चार सामन्यांनंतर 'मऊ' म्हणायचा परवाना जणू तिथून मिळाला.

आता त्या स्वरात पैसा मिसळलाय. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, २०२५पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. त्यामुळे 'आपला पोरगा चुकला' याच्या जागी 'एवढे मोजले आणि सहा रिबाउंड?' असं बोलणं आलं. ऐकताना अंगावर येतं. पण जुनं बोलणं निर्मळ होतं असंही मी म्हणणार नाही. पोराला 'आपला' म्हणायचं, प्रशिक्षकाला लाखो डॉलर द्यायचे आणि पोराला शिष्यवृत्तीपलीकडे काही नाही, हे अनेक दशकं चाललं. हिशेबाची भाषा निदान हिशेब मान्य करते. मला खरी भीती सट्ट्याची वाटते. २०१८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने राज्यांना खेळांवरचा सट्टा खुला करता आला, आणि आता नोव्हेंबरच्या साध्या मंगळवारी एका पोराचे रिबाउंड किती होतील यावर पैसे लागतात. हरलेला माणूस फोन उघडून थेट त्या पोराला लिहितो. २०२४मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरचे असे सट्टे बंद करा, अशी मागणी राज्यांकडे केली. तिथे 'अजून नोव्हेंबरच आहे' हे वाक्य कुणी म्हणत नाही. त्या माणसापुरता सीझन त्या रात्रीच संपलेला असतो.

आणि हे वाक्य नेमकं कुणाचं, हेही बघायला हवं. ते मोठ्या संघांचं वाक्य आहे. १२ नोव्हेंबर २०१९ला इंडियानातलंच एव्हान्सव्हिल केंटकीच्या घरी गेलं. केंटकी देशात पहिलं, आणि हा हरण्यासाठी विकत घेतलेला सामना, ९० हजार डॉलरचा. एव्हान्सव्हिल ६७-६४ जिंकलं. त्यांचा प्रशिक्षक वॉल्टर मॅकार्टी हा १९९६च्या केंटकीच्या विजेत्या संघातला खेळाडू. केंटकीचे चाहते दुसऱ्या दिवशी काय म्हणाले असतील ते सांगायला नको. पुढे एव्हान्सव्हिलची अशी वाताहत झाली की कॉन्फरन्समधले सगळेच्या सगळे १८ सामने ते हरले. मॅकार्टीचंही पद जानेवारीत गेलं. त्या वर्षी मार्चची स्पर्धा कोरोनामुळे झालीच नाही, ना केंटकीसाठी, ना कुणासाठी.

मी वेस्ट लाफायेट सोडायच्या आधी एव्हान्सव्हिलचा एक मुलगा भेटला होता. त्या अठरा पराभवांतला एकही स्कोअर त्याला आठवत नव्हता. मी विचारलं नसतानाही त्याने सदुसष्ट-चौसष्ट म्हणून सांगितलं, आणि शेवटचे फ्री थ्रो कुणी टाकले इथपासून सुरुवात केली.