खताशिवाय तेल? मोगली एरंडाचा विसरलेला हिशेब

मोगली एरंड आपण शेताच्या कुंपणाला पाहिलेला असतो. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो तिथे टिकतो. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने डिझेलमध्ये मिसळायच्या तेलासाठी याच झुडपाची शिफारस केली आणि कुंपणावरचे झाड एकदम 'पीक' झाले. 'पडीक जमिनीत येते, खतपाणी लागत नाही' असा प्रचारही झाला. हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे.

समितीने धरलेला अंदाज असा : हेक्टरी २,५०० झुडपे, प्रत्येकी दीड किलो बी, म्हणजे ३,७५० किलो बी. बियांत सुमारे ३ टक्के नायट्रोजन धरला, तर दरवर्षी ११० किलोंच्या वर नायट्रोजन शेताबाहेर जाईल. मोगली एरंड करंजासारखा शेंगवर्गीय नाही. हवेतला नायट्रोजन मुळांच्या गाठींत बांधणे त्याला जमत नाही. मग पडीक जमिनीने हा नायट्रोजन आणायचा कुठून? खताशिवाय झुडूप जगेल हे खरे. पण जगणे वेगळे आणि भरघोस पिकणे वेगळे.

छाटणीने हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो. पानगळीच्या दिवसांत शेंडा छाटला की खालचे डोळे फुटतात, शेंडे वाढतात आणि फुलोरेही. म्हणजे छाटणीने झुडपाची मागणी वाढते. पुरवठा आपल्यालाच करावा लागतो.

तो शेणखताने करायचा की रासायनिक खताने, या वादात अनेकदा हिशेबच राहून जातो. ११० किलो नायट्रोजन सुमारे २४० किलो युरियातून मिळतो. अर्धा टक्का नायट्रोजन असलेले शेणखत घ्यायचे, तर २२ टन लागेल. एवढे शेणखत कोणाकडे असते? पण शेणखत जमिनीत ओल धरून ठेवते, ते काम युरिया करत नाही. शिवाय छाटणीनंतर लगेच कोरड्या जमिनीवर युरिया फेकला, तर पुढे थोडी ओल मिळताच त्याचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. तो पावसाच्या ओलीवर मातीआड करावा. छाटलेल्या काटक्या कच्च्याच पुरल्या, तर त्या कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतला नायट्रोजन काही काळ स्वतःच वापरतात. त्या आच्छादन म्हणून पसराव्यात किंवा आधी कुजवाव्यात.

सर्वांत मोठी चूक मात्र पेंडीबाबत होते. तेलात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. हे घटक हवा-पाण्यातून आलेले. नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश पेंडीत व टरफलात राहतात. म्हणून तेल विकल्याने जमीन फारशी गरीब होत नाही. बी विकल्याने होते. ही पेंड विषारी असल्याने गुरांना घालता येत नाही, पण खत म्हणून उत्तम. ती शेतात परतली, तर वरचे युरियाचे आणि शेणखताचे आकडे बरेच खाली येतील.

२०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही. अनेक ठिकाणी उत्पन्न अंदाजापेक्षा फारच कमी आले. कारणे पुष्कळ होती, पण हा हिशेब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही आधीच मांडता आला असता. वर्गात तो करून घ्यावा. मग 'काही न घालता भरपूर पीक' अशी जाहिरात घरी आली, तर मुले वडिलांना निदान एक प्रश्न विचारतील : शेतातून काय बाहेर जाणार, आणि परत काय येणार?